नलूकडची देग

नलू, गेल्या शनिवारी पेडगावला सगळी जमली होती. तुझ्या यजमानांचा, डॉक्टरांचा, औरंगाबादहून फोन आला होता. मंडळी येणार आहेत, प्रत्येकाला तुझी आठवण म्हणून एखादी वस्तू न्यायची आहे, तुम्ही जरा व्यवस्था बघाल का. मी हो म्हटलं. व्यवस्था म्हटलं की शकूचा होकार आधी निघतो आणि शकू मागून, असं तूच म्हणायचीस. शुक्रवारी ऑफिसातूनच गाडी पकडली. अभ्रे बदलले, माठ भरून ठेवले, न्हाणीत बादल्या पाहिल्या, मथुराबाईला पिठलं-भाकरीचं सांगितलं. मग नेहमीसारखी कागद घेऊन बसले, कुणाला कुठली खोली ते लिहायला. हातानं सवयीनं पहिलं नाव तुझंच लिहिलं. ते खोडवेना. शेवटी कागदच बदलला.

ती माणसं वाईट नाहीत. हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलं नसतं, पण आता म्हणते. रेवतीबाई गाडीतून उतरल्या आणि पायरीवरच बसून रडल्या. काळा चष्मा काढून, पदर तोंडाला लावून, खेड्यातल्या बाईसारख्या रडल्या. त्यांचे सुधीर, ज्यांना मी इतकी वर्षं फक्त खांब आणि कमानींबद्दल बोलताना ऐकलं, ते सरळ आत जाऊन तुझ्या झोपाळ्याच्या कड्या बघत उभे राहिले. मग चहा झाला. आणि चहाचे कप हातात घेऊन सगळी घरभर हिंडायला लागली, पूर्वी मानवतच्या दुकानांतून हिंडायची तशी. हलक्या आवाजात विचारपूस चालली होती. हा लामणदिवा कुणी घेतंय का. हा पानाचा डबा मला चालेल. बिदरी सुरई सुधीरनं आधीच सांगून ठेवली होती. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. घर तुझ्यासमोर भरलं होतं आणि माझ्यासमोर रिकामं होत होतं. त्यातही कुणाला जुनी वर्तमानपत्रं लागतील, कुणाला सुतळी लागेल, हे मी आधीच काढून ठेवलं होतं. मला माझाच राग आला.

रेवतीबाई तुझ्या खोलीत गेल्या आणि तिथूनच त्यांनी विचारलं, "शकुंतलाबाई, ही ती बर्फाची देग ना? ही मी नेऊ? व्हरांड्यात केळ लावीन."

मी म्हटलं, ती द्यायची नाही.

"का हो?"

"ती नलूची नव्हती."

त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाल्या, नलू पण काहीतरी असंच म्हणायची. त्या पहिल्या दिवसानंतर तिनं ती बाजूलाच काढली. विचारलं की म्हणायची, ती कुणाचीतरी अमानत आहे. मला वाटायचं, थट्टा करतेय.

एवढ्या वर्षांत तू त्यांना तेवढंच सांगितलं होतंस. मला ते ठाऊक नव्हतं, नलू. त्याच्याकडे मी नंतर येईन. आधी मला सगळं क्रमानं मांडू दे. क्रम लागला की मला थोडं सोसवतं.

आपली ओळख परभणीच्या कॉलेजातली. तू गृहविज्ञान शिकवायचीस, मी ऑफिसात होते. तू पगारपत्रकावर चुकीच्या जागी सही करायचीस आणि मी ती दर महिन्याला दुरुस्त करून घ्यायचे. लग्न करून तू औरंगाबादला गेलीस, पण पेडगावचं वडिलांचं घर आणि वावर ठेवलंस. पहिल्यांदा तू मला तिथं नेलंस तेव्हा तुझ्या आईनं मला चहा दिला, तो कप वेगळा होता. दुसऱ्या खेपेला तू तोच कप स्वतःसाठी उचललास आणि बशीत ओतून फुर्रकन प्यायलीस. तुझी आई बघत राहिली. आपण दोघी त्यावर कधीही बोललो नाही. बोललो असतो तर बहुधा मैत्री राहिली नसती.

मग तुझे ते हिवाळे सुरू झाले. ज्वारी हुरड्याला आली की औरंगाबाद-हैदराबादकडची तुझी मंडळी शनिवार-रविवार यायची. खादी सिल्क, मोठाली कुंकवं, कोल्हापुरी वहाणा, हातात जाड चांदीची कडी. शनिवारी मानवतला जायचं, मोडीच्या भांड्यांची दुकानं धुंडाळायची, आणि रविवारी वावरात आगटीभोवती बसून हुरडा खायचा. व्यवस्थेला मी. पहिल्या वर्षी रेवतीबाईंना मी घरकामाची बाई वाटले. त्यांनी न्हाणीत गरम पाणी टाकायला सांगितलं. मी टाकलं. पाणी कुठं तापलंय ते मलाच माहीत होतं, दुसरं कोण टाकणार. तू मात्र लालबुंद झालीस आणि जेवताना सगळ्यांसमोर म्हणालीस, ही शकू, माझी मैत्रीण, ही नसेल तर आपण सगळे उपाशी. मला तेही आवडलं नव्हतं. दोन्ही वेळा मी पाण्याशीच आणि जेवणाशीच राहिले होते. हे तुला सांगायचं राहून गेलं, असं म्हणत नाही. हे मी सांगणारच नव्हते.

तुमच्या चुका तरी कसल्या होत्या. रेवतीबाईंनी जुनं पितळी पातेलं आणलं आणि आतून नीट चमकत नाही म्हणून घासून घासून त्याची कल्हईच काढली. मग त्यात कढी ओतून टेबलावर मांडली, दोन्ही बाजूंना झेंडूची फुलं. मी ती उचलून मागच्या अंगणात ओतली. तू हसत हसत पाहुण्यांना समजावलंस की आंबट कळकतं, शकूनं आपल्याला दवाखान्यातून वाचवलं. त्या रात्री पिठलं झालं. तुझी ती हातोटी होती. माझा तुसडेपणा तू पाहुण्यांना पाहुणचारासारखा वाढायचीस.

भांड्यांवरची नावं वाचणं हा तुझा आवडता खेळ. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घालायची पद्धत. ती भांडी मोडीत येईपर्यंत नावांची माणसं गेलेली असायची. तू तांब्या उजेडाकडे धरून वाचायचीस, चि. द्वारका हिस मामाकडून, आणि मग द्वारकाचं अख्खं आयुष्य रचायचीस. मामा कसा कंजूष, द्वारका कशी मानी, सासरी तिनं हा तांब्या कसा लपवून ठेवला. मंडळी भारावून ऐकायची. मी मनात म्हणायचे, द्वारकाच्या सुनेला स्टीलचं पिंप हवं होतं, एवढीच गोष्ट आहे.

देग आली तो हिवाळा दंगलीनंतरचा तिसरा की चौथा. विद्यापीठाच्या नावावरून गावंच्या गावं पेटली त्याला काही वर्षं झाली होती. बोलणं बंद झालं होतं, विसरणं सुरू झालं नव्हतं. तू आणि रेवतीबाई मानवतहून परत आलात ते गाडीची डिकी सुतळीनं बांधून. आत ही एवढी मोठी तांब्याची देग, काळीठिक्कर. दुकानदारानं सांगितलं, एका माणसानं आणून टाकली, कुणाची ते विचारलं नाही. तुम्ही ती चिंचेनं घासून लखलखीत केली, अंगणात मांडली, भुशातला बर्फ तिच्यात फोडला आणि सुधीरच्या बिअरच्या बाटल्या त्यात उभ्या केल्या. दिसायला छान दिसत होतं, नाही म्हणत नाही.

मी बर्फ सारखा करायला वाकले. गळ्याजवळ अक्षरं होती. मोठी, वेडीवाकडी, एकाच हातानं घातलेली. बौद्ध पंच मंडळी, आणि गावाचं नाव. ते नाव मी इथं लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात.

माझ्या हाताला बर्फ लागून राहिला होता, ते मला नंतर कळलं. ही भांडी काय असतात ते तुमच्यापैकी कुणालाच माहीत असण्याचं कारण नव्हतं. धर्म बदलल्यावर गावानं आमच्या वस्त्यांना लग्नाकार्याला भांडी द्यायची बंद केली. मग वस्तीनं मजुरीच्या ज्वारीतून पायली-पायली बाजूला काढून आपली भांडी केली. देग, पराती, पळ्या, वाढायच्या बादल्या. सगळ्यांची मिळून. एकाच्या घरी किल्ली. राणीसावरगावला ती आमच्या घरी असायची, माझ्या वडिलांकडे. कार्य झालं की भांडी परत यायची आणि बाबा ओट्यावर बसून मोजून घ्यायचे. मी शेजारी बसून पाटीवर लिहायचे. एक पळी कमी आली तर ती सापडेपर्यंत नवरानवरीसुद्धा हलायची नाहीत. तू विचारायचीस ना, एवढी यादीची खोड कुठून लागली. तिथून.

मी तुला बाजूला घेतलं आणि सांगितलं. ही भांडी कुणी विकत नाही, नलू. ही कुणी विकूच शकत नाही, ती कुणा एकाची नसतात. तू आधी समजली नाहीस. मग समजलीस. तू अंगणात गेलीस, एकेक बाटली काढून जमिनीवर ठेवलीस, बर्फ झाडाच्या बुंध्याशी ओतलास आणि देग आतून-बाहेरून पुसलीस. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणालीस, गळतेय.

पुढच्याच आठवड्यात आपण दोघी ती घेऊन त्या गावी गेलो. वस्ती नव्यानं उभी राहिली होती, काही घरं, काही नुसते पत्रे. किसनदादा वस्तीतले वडीलधारे. त्यांनी देगीवर पोचा आलेल्या जागी हात ठेवला आणि म्हणाले, हा माझ्या थोरल्याच्या लग्नातला, आचाऱ्यानं आपटली होती. त्यांच्या सुनेनं, सुमननं, चहा आणला. तू जमिनीवर मांडी घालून बसलीस, रेशमी साडीची पर्वा न करता. तुला वाटत होतं, आता आनंद होईल.

किसनदादा म्हणाले, "बाई, तुमी आनली, लय मोठं काम केलं. पर ही इथं ठिवता येत न्हाई."

तू विचारलंस, का?

"ज्यांनी नेली ती मानसं हितंच हायत. त्यांच्याच वावरात आमच्या सुना खुरपायला जायलेत. देग आली म्हनलं की कुठून आली, कुनी इकली, समदं निघंल. केस मिटवलीया आमी. कशी मिटवली ते इचारू नका." मग म्हणाले, "नावाचं एकदा मिटू द्या. तवर तुमच्यापाशी ठिवा. आमची अमानत समजा."

परत येताना तू रस्ताभर रडत होतीस. मी खिडकीबाहेर बघत होते. तू म्हणालीस, तुला काहीच कसं वाटत नाही. मी म्हटलं, डिकीची सुतळी सुटत आलीय, गाडी थांबव.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत. देग तुझ्या खोलीत, खिडकीपाशी. दर हिवाळ्यात हुरड्याच्या आधी तू कल्हईवाल्याला बोलावून तिला आतून कल्हई करून घ्यायचीस. जिच्यात कधी काही शिजत नव्हतं तिला कल्हई. मी म्हणायचे, हा कसला उद्योग. तू म्हणायचीस, ज्या दिवशी जाईल त्या दिवशी लगेच चुलीवर चढली पाहिजे. इथपर्यंत ठीक होतं. पण तू पुढं म्हणायचीस की ती परत दिली तरी त्यांनी ती जपली पाहिजे. ती साक्ष आहे. ती हरवली तर काय घडलं ते कशावरून सांगणार? आणि मी म्हणायचे, साक्ष कसली, ती देग आहे. भात शिजवायची. त्यांची आहे, ते काय वाटेल ते करतील.

"उद्या मोडीत घातली तर?"

"तर घालतील."

"शकू, तू एवढी कोरडी कशी गं?"

या प्रश्नाला मी कधीच उत्तर दिलं नाही. आता देते, ऐकायला तू नसताना. दंगलीच्या दिवसांत बाबा माझ्याकडे परभणीला होते. थकलेले, अंथरुणाला खिळलेले. आमचं राणीसावरगाव शांत राहिलं, आमच्या वस्तीला कुणी हात लावला नाही. पण बाबांना ते पटत नव्हतं. ते रोज मला विचारायचे, देग मोजली का? पळ्या मोजल्या का? मी सांगायचे, मोजल्या. ते पुन्हा विचारायचे. घरं जळतायत, माणसं पळतायत, हे त्यांना सांगितलं तर ते म्हणायचे, ते खरं, पण भांडी कुणी मोजली? विचारता विचारताच ते गेले. म्हणून मी कोरडी. साक्ष जपून माणसाचं काय होतं ते मी बघितलं होतं. भांडं हे भांडंच राहू दे, एवढंच मला हवं होतं.

हे तुला का सांगितलं नाही? कारण तू ते शनिवारी पाहुण्यांना सांगितलं असतंस, अशी माझी खात्री होती. द्वारकाच्या तांब्यासारखं. आगटीशी बसून, आवाज खाली आणून. फार चांगलं सांगितलं असतंस, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. माझे बाबा रेवतीबाईंच्या आठवणीत पेडगावच्या हुरड्याबरोबर राहिले असते. ते मला नको होतं.

आणि आता रेवतीबाई म्हणतात, नलू एवढंच म्हणायची, कुणाचीतरी अमानत आहे.

प्रत्येक तांब्याची गोष्ट सांगणारी तू. घरातल्या प्रत्येक समईला तू आयुष्य दिलंस. आणि या एका भांड्याबद्दल इतक्या हिवाळ्यांत, इतक्या माणसांपुढे, एक अक्षर बोलली नाहीस. शनिवारी मी ते ऐकलं, रेवतीबाईंच्या हातातला रिकामा कप घेतला, स्वयंपाकघरात जाऊन धुतला, पुन्हा धुतला. मथुराबाई म्हणाली, ताई, त्यो स्वच्छ हाय. तेव्हा मला कळलं की मी ओळखत होते त्या बाईला मी अजून नीट ओळखत नव्हते, आणि आता ओळखायची सोय उरली नाही.

या जानेवारीत विद्यापीठाला नाव लागलं. तुझा लगेच फोन. तू नुसती नाचत होतीस. म्हणालीस, शकू, मिटलं, आता न्यायची. मी म्हटलं, याच रविवारी नेऊ, तू आणि मी, गाजावाजा नको. तू म्हणालीस, छे, जयंतीला नेऊ. सगळी वस्ती जमलेली असेल. तिथंच चूल मांडू, त्यातच भात शिजवू, पहिली पंगत आपण वाढू. मी म्हटलं, मुहूर्त कशाला बघतेस, देण्याची वस्तू देऊन टाकावी. तू म्हणालीस, देणं आणि टाकणं यात फरक आहे, मॅनेजर. आणि फोन ठेवलास. मी चिडले होते. मला अजून तुझा राग येतो. एप्रिल कुणी बघितला होता?

दवाखान्यात तू फार बोलत नव्हतीस. तुझे डॉक्टर बाहेर गेले तेव्हा माझा हात धरून म्हणालीस, "यंदा कल्हई राहिलीय बघ." मी म्हटलं, करते. बाकी काहीच बोललो नाही आपण. इतक्या वर्षांचं बोलायचं होतं आणि कल्हईवर बोललो.

तर मी ती केली. यंदा कल्हईवाला गावात फिरकलाच नव्हता, परभणीहून एकाला बोलावून घेतलं. रविवारी सकाळी मंडळी गेली, डॉक्टर मागं राहिले, आणि मी भाड्याची जीप केली. डॉक्टरांनी आणि ड्रायव्हरनं देग चढवून दिली. डॉक्टर म्हणाले, मी येऊ का? मी नको म्हटलं. ते फाटकापाशी उभे राहिले. त्यांच्या मागं घर मोकळं दिसत होतं, भिंतींवर लामणदिव्यांच्या जागी नुसते खिळे.

किसनदादा दोन वर्षांपूर्वीच गेले. आपल्याला कळलंच नव्हतं. सुमननं मला ओळखलं. ती आता वस्तीतल्या बायकांची पुढारी आहे, केस पिकायला लागलेत. जीपभोवती माणसं जमली. म्हातारी होती ती देगीला हात लावून गेली, तरुण होते त्यांना ती काय आहे ते सांगावं लागलं. सुमननं मला खुर्ची दिली. मग त्यांचं आपसात बोलणं सुरू झालं, माझ्यासमोरच, आडपडदा न ठेवता. ठेवायची कुठं? समाजमंदिर गळतं. शिजवायचं काय तिच्यात? लग्नाला मंडपवाला सगळी भांडी घेऊन येतो, ॲल्युमिनियमची, हलकी. कल्हईवाला आता कुठं मिळतो? एक म्हातारी म्हणाली, ठिवा की, लेकरांना दाखवायला. तिला कुणीतरी विचारलं, काय सांगायचं लेकरांना, कुनी नेली हे? ती देगीपासून मागं सरकली. शेवटी एकजण म्हणाला, मोडीत घाला, मंदिरावर पत्रे येतील. आणि सगळ्यांना ते पटलं. खरंच चांगलं आहे ते, नलू. पावसाळ्यात तिथं शाळेतली मुलं अभ्यासाला बसतात.

सुमन माझ्याजवळ आली. "ताई, तुमाला वाईट वाटंल का?"

मी म्हटलं, नाही. तुमची आहे, तुम्हाला वाटेल ते करा.

हेच मी तुला दर हिवाळ्यात सांगत आले होते. शब्दसुद्धा तेच निघाले. तुझं आणि माझं सगळं भांडण त्या अंगणात पाच मिनिटांत निकालात निघालं, माझ्या बाजूनं. आतली कल्हई अजून नवी होती, उन्हात डोळे दिपवत होती. एका पोरीनं त्यात आपलं तोंड बघितलं.

मग सुमननं विचारलं, "त्या बाई न्हाई आल्या?"

मी सांगितलं. ती माझ्याजवळ खाली बसली. म्हणाली, एवढ्या मोठ्या घरच्या, पर हितं माझ्या अंगनात मातीत बसल्या हुत्या. मग विचारलं की त्यांचं नाव काय होतं. त्यांना ते कधी कळलंच नव्हतं, त्यांच्यासाठी तू नुसती 'त्या बाई' होतीस. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "पत्रे पडले की आमी पाटी लावनार हाव. देनारांची नावं. त्यात बाईंचं नाव लिवू का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तुझं नाव एका भिंतीवर राहिलं असतं, नलू. पेडगावच्या घरात आता तुझं काही राहिलेलं नाही. मला फक्त मान हलवायची होती.

मी म्हटलं, "नको. त्यांनी दिली नाही. देग तुमचीच होती."

सुमन म्हणाली, खरं हाय. तिला ते पटलं. मला ते पटलं. तुलाही पटलं असतं, पण तू इतक्या सहज ते कबूल केलं नसतंस.

आता उरलंय ते हे. जीपमध्ये बसले आणि तुझ्याशी भांडायला सुरुवात केली. तू म्हणशील, तू ती मोडीत जाऊ दिलीस. मी म्हणेन, त्यांच्या डोक्यावर छप्पर येईल. तू म्हणशील, पण अक्षरं वितळतील. आणि मी म्हणेन, ती अक्षरं ज्यांची, त्यांनीच ठरवलं. त्यापुढं काय, ते मला सुचत नाही. घरी आल्यावर पुन्हा करून पाहिलं. काल ऑफिसात पुन्हा. दोन्ही बाजू आता मलाच बोलाव्या लागतात, आणि तुझी बाजू मला जमत नाही. ती दोन वाक्यांत हरते. तू कधी एवढ्या लवकर हरली नाहीस.